जिन्यातली हाक

अम्म फरगलींना, म्हणजे फरगलीकाकांना, एकच खोड होती, आणि ती खोड एक दिवस त्यांचा जीव घेणार अशी चिन्हं दिसायला लागली होती. वापरात नसलेली वस्तू चालू दिसली की त्यांचा हात आपोआप बटणाकडे जायचा. दिवा, पंखा, टीव्ही, शेजाऱ्यांच्या दारापुढचा बल्ब, काही म्हणून सुटायचं नाही. बायको गेली तेव्हा दुखवट्याला माणसं जमलेली, शेख कुराण म्हणताहेत, आणि हे मधेच उठून आतल्या खोलीत गेले. लोकांना वाटलं, म्हातारा रडायला गेला. त्यांच्या मुलीला, इन्शिराहला, खरं काय ते ठाऊक होतं. ती अजून सांगते, रडले असतील, नाही कोण म्हणतं, पण आधी तिथला दिवा बंद केला असेल.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. उभा जन्म वीज कंपनीचे मीटर बघण्यात गेला. अलेक्झांड्रियात बहरीपासून करमूझपर्यंत एकेका गल्लीचे जिने त्यांनी झिजवले. खालच्या पायरीवर उभं राहून खणखणीत हाक द्यायची, "या सातिर," म्हणजे हे झाकणाऱ्या देवा. देवाचं नावही घेऊन व्हायचं आणि परका पुरुष वर येतोय हे सांगूनही. हाक ऐकली की वरच्या बायका डोक्यावर ओढणी घ्यायच्या, पसारा आवरायच्या, आणि आतून कुणीतरी "ये, आत ये" म्हटल्यावरच अम्म उंबरा ओलांडायचे. मीटर बघायचा, आकडा टिपायचा, चालू पडायचं. ज्यानं जन्मभर मीटरची चाकं गरगर फिरताना बघितली, त्याला चालू बटण दिसलं की ती चाकंच दिसणार.

या खोडीत आता फोन सापडला होता, आणि तिथंच सगळी पंचाईत झाली.

अम्मांना साखरेचा आजार, रोजचं इन्सुलिन. मागच्या हिवाळ्यात साखर एकदम उतरली आणि ते जिन्यातच कोसळले. तिसऱ्या मजल्यावरच्या उम्म करम पाव घेऊन येत होत्या म्हणून निभावलं. त्यांनी पिशवी टाकली, घरातून मूठभर साखर आणून अम्मांच्या तोंडात कोंबली आणि शुद्ध येईपर्यंत शिव्या देत बसल्या. त्यानंतर इन्शिराह कैरोहून धावत आली आणि तिनं बापाच्या दंडावर बटणाएवढी एक टिकली चिकटवली. टिकली सारखी साखर मोजायची आणि फोनला सांगायची, फोन तो आकडा इंटरनेटवरून कैरोला धाडायचा. आकडा घसरला की इन्शिराहच्या फोनवर घंटा वाजायची. कैरोत बसून बापाच्या साखरेवर डोळा ठेवता येतो म्हटल्यावर तिला पहिल्यांदा गाढ झोप लागली.

पण हे सगळं फोनचं इंटरनेट चालू असलं तर. अम्मांनी फुटबॉलचा निकाल बघितला की इंटरनेट बंद. नातवंडांचे फोटो बघितले की बंद. वापर नाही, तर बंद. मग कैरोतल्या फोनवर साखरेची सरकती रेघ थांबायची, आणि इन्शिराहचं काळीज तिच्याबरोबर.

त्या दिवशीही दुपारी रेघ थांबली. तिनं फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, उचलेना. शेवटी उम्म करमना लावला.

"मावशी, जरा वर जाऊन बघता का?"

"आत्ताच तर गेले होते गं सकाळी. बरं, जाते. गुडघे माझे, बाप तुझा." मग बराच वेळ नुसती चपलांची फटफट आणि धापा ऐकू आल्या. "झोपलेत. घोरणं ऐकू येतंय का तुला? दार उघडं, पंखा बंद, घामानं निथळताहेत, पण पंखा बंद. उठवू?"

"नको. त्यांच्या फोनचं इंटरनेट तेवढं चालू करा."

"मी? त्यांच्या फोनला हात लावू? उठले की ते माझा हात तोडतील."

इन्शिराहनं आभार मानले, फोन ठेवला, आणि ऑफिसच्या टेबलावर डोकं टेकून बसली. ॲप लिहिणं हा तिचा धंदा. दुसऱ्यांसाठी दुकानं, औषधं, टॅक्सी, सगळी ॲप लिहून झाली होती. तिनं ठरवलं, आता एक बापासाठी लिहायचं. रेघ थांबली की आपण इथून एक साधा एसएमएस पाठवायचा, तिकडच्या ॲपनं तो वाचायचा आणि गुपचूप इंटरनेट चालू करायचं. बापाला कळायचंही नाही. दोन दिवसांत तिनं ते लिहिलं, स्वतःच्या फोनवर चालवून बघितलं, आणि फोननं तिला सरळ वाटेला लावलं. या ॲपला ही सेटिंग बदलायची मुभा नाही, म्हणाला. तिनं दुसऱ्या वाटेनं घालून बघितलं. तिथंही तेच उत्तर.

शेजारच्या टेबलावरचा नादिर फोनच्या सुरक्षेचं काम बघायचा. कॉफीचा कप घेऊन तो तिची झटापट बघत उभा होता.

"नाही चालणार," तो म्हणाला.

"का नाही? मीच लिहिलंय, माझ्याच बापाच्या फोनवर घालायचंय."

"तू लिहिलंस म्हणून फोननं ऐकायचं होय? लिहिणारे काय कमी आहेत? तुला ते जुने दिवस आठवत नाहीत. टॉर्चचं ॲप घेतलं तरी ते मालकाच्या पाठीमागे इंटरनेट चालू करायचं. माझी आई सकाळी रिचार्ज करायची, दुपारी सफाचट. दुकानदार खातो म्हणून ती बिचाऱ्याशी भांडायची. काही लबाड तर फोनचा रस्ताच फिरवून ठेवायचे. तुझे निरोप, तुझा बँकेचा पासवर्ड, सगळं आधी चोराच्या घरी जायचं आणि मग पुढे. म्हणून दार लावून घेतलं. आता ॲपनं इंटरनेट चालू आहे की बंद ते बघावं, मालकाला सांगावं, फार तर त्याच्यासमोर ते पान उघडून धरावं. बटणावरचं बोट मात्र मालकाचंच."

"आणि मालकाला चक्कर आली असेल तर?"

"तुझी कळकळ खरी आहे, इन्शिराह. पण फोनला कळकळ आणि लबाडी वेगळी ओळखता येत नाही, म्हणून तो दोघांनाही दारातच उभं करतो. हे ज्यांनी ठरवलं ना, त्यांचे हात चुंबावेत असं मला वाटतं. जगातल्या कुठल्याही भाबड्या म्हातारीचा फोन घे, तिच्या अपरोक्ष तिचं बटण कुणाला दाबता येत नाही. थोडी गोष्ट आहे का?"

"तू चुंबत बस हात. माझा बाप चौथ्या मजल्यावर एकटा आहे."

तो वरमला. मग कप खाली ठेवून हळू आवाजात म्हणाला, की फोनचं मूळ कुलूपच फोडता येतं. मग फोन कुणालाच अडवत नाही. "पण ध्यानात ठेव, फोडलेलं कुलूप तुझ्यापुरतं फुटत नाही. नंतर जो येईल त्यालाही दार सताड उघडं. आणि फोनवरचं सगळं आधी पुसलं जाईल. मला हे पटत नाही, पण तुला शिकवतो." आणि त्यानं खरोखरच शिकवलं.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं ती अलेक्झांड्रियाला पोचली. अम्मांनी तिच्यासाठी पहाटेच मासळी आणली होती, कांदा काळा होईस्तोवर परतून भात चढवला होता, आणि ती अंघोळीला गेली तेव्हा ते जुम्म्याच्या नमाजेला निघाले. मशिदीत फोन नेणं त्यांना पसंत नव्हतं. फोन खिडकीशी ठेवलेला होता, इंटरनेट अर्थातच बंद.

इन्शिराह ओले केस मोकळे सोडून बसली. लॅपटॉप काढला, फोटो उतरवून घेतले, वायर जोडली, नादिरनं सांगितलं तसं एकेक करत गेली. हात सराईत होते, पण नजर सारखी दाराकडे जात होती. चोरी करताना माणसाला कळतं, कुणी सांगावं लागत नाही. शेवटी फोनचा पडदा काळा झाला आणि त्यावर अक्षरं उमटली. कुलूप उघडलं तर या फोनवरचं सगळं पुसलं जाईल, फोन पूर्वीइतका सुरक्षित राहणार नाही. उघडायचं का? 'हो'साठी आवाजाचं बटण, मग पक्कं करायला बाजूचं बटण. लॅपटॉपवरून याचं उत्तर देता येत नव्हतं. फोन हातात घेतलेल्या माणसालाच तो विचारत होता. त्याच्या लेखी फोन हातात घेणारा तो मालक.

तिनं 'हो'वर आणलं. अंगठा बाजूच्या बटणावर ठेवला.

आणि खालून, जिन्याच्या पायथ्याकडून हाक आली. "या सातिर."

स्वतःच्या घरात शिरताना. पोर वयात आली तेव्हापासून अम्म स्वतःच्या जिन्यातही हाक घालूनच वर यायचे. लेक केस मोकळे टाकून बसली असेल, तिला भेटायला शेजारणी आल्या असतील, काय सांगावं. लग्न होऊन ती कैरोला गेली तरी ती आलेल्या दिवशी हाक चुकली नव्हती.

इन्शिराहचा हात बटणावरून उठला आणि आपोआप ओढणीकडे गेला. तोंडातूनही आपोआपच गेलं, "या बाबा, आत या." म्हणून झाल्यावर तिला कळलं आपण काय करत होतो ते, आणि तिला इतकी शरम वाटली की कानशिलं तापली. ज्या माणसानं स्वतःच्या लेकीलाही अवचित गाठलं नाही, त्याच्या फोनमध्ये ती त्याच्या पाठीमागे घुसत होती.

अम्म आत आले. पाव टेबलावर ठेवले, वायर बघितली, लॅपटॉप बघितला.

"फोन आजारी आहे का?"

हो म्हणाली असती तर खपून गेलं असतं. पण तिनं सगळं सांगितलं, एसएमएस, कुलूप, गुपचूप चालू होणारं इंटरनेट, सगळं.

अम्म खुर्चीवर बसले. बूट काढायला त्यांनी जरा जास्तच वेळ लावला. "म्हणजे तू कैरोत बसून माझ्या घरातलं बटण दाबणार."

"हो."

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"मग नाही म्हणालो असतो. नाही म्हणायचा मला हक्क नाही का, पोरी?"

"आणि पुन्हा जिन्यात पडलात तर?" आता तिचा बांध फुटला. "मी तिकडे जेवताना फोनकडे बघते, बाबा. झोपेतून उठून बघते. रेघ थांबली की मला वाटतं, संपलं. तुम्हाला वाटतं मी हौसेनं करते?"

अम्मांनी तिचं रडणं थांबेपर्यंत वाट बघितली. डोक्यावरून हात फिरवला नाही, त्यांना ते जमत नसे. तिच्यासाठी एक चहा टाकला, स्वतःसाठी एक बिनसाखरेचा, आणि गॅस बंद केला.

"तुला वाटतं मी घाबरत नाही? जिना उतरताना कठडा सोडत नाही मी. पण ऐक. आमचे एक साहेब म्हणायचे, मालक घरी नसला तर खिडकीतून हात घालून कडी काढा, मीटर बघा, परत लावून घ्या. कुणाला कळतंय? आमच्यातले काढायचेही. मी नाही काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार जिने चढलो. अर्ध्या शहराची घरं मी आतून बघितलीत, पण कुणाच्या घरात काय आहे ते विचार, मला सांगता येणार नाही. दार, मीटर, दार. तेवढंच बघितलं. म्हणून मला पाहून कुणी दार लावलं नाही." चहा त्यांनी बशीत न ओतता तसाच प्यायला. "आणि हा फोन तुला काय म्हणत होता? हेच ना?"

"हेच," ती म्हणाली. "तो आधीपासून हेच म्हणतोय."

"मग फोन शहाणा आहे. खोड माझी आहे. आता सांग, या साखरेला नक्की लागतं काय?"

इन्शिराहनं वायर काढली. फोन पुन्हा सुरू झाला, होता तसाच, काही न पुसता. ती त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिनं त्यांना ते पान उघडून दाखवलं जे दाखवायचं तिला कधी सुचलंच नव्हतं, कारण तिला फक्त बटण हवं होतं, बाप नको होता. कुठल्या ॲपनं किती इंटरनेट वापरलं, त्याचं पान.

अम्मांनी चष्मा चढवला. "हा मीटर आहे."

"हो बाबा."

"प्रत्येकाचा वेगळा? नावानिशी?"

"नावानिशी."

ते बघतच राहिले. डोळ्यांत पाणी येईल असं इन्शिराहला वाटलं, इतकं त्यांना ते आवडलं. आमच्या वेळेला अख्ख्या बिल्डिंगला एक मीटर असायचा आणि भाडेकरू डोकी फोडायचे, म्हणाले, इथं एकेका दिव्याचा हिशेब ठेवलाय. मग त्यांनी बोट एका नावावर टेकवलं. "हा कोण? हा तर हॉटेल चालवतोय माझ्या जिवावर."

तो माशांचा खेळ होता, नातवानं ईदला घालून दिलेला. तो उघडावा लागतच नव्हता, आपला आतल्या आत खात बसला होता. आणि साखरेचं ॲप? ते खाली, पार तळाशी, चिमणीच्या खाण्याएवढं.

"या एवढ्याशासाठी मी सगळा फ्यूज काढून ठेवत होतो," अम्म म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला होता.

"इथं एक सोय आहे. सगळ्यांना घरात बसवता येतं आणि एकट्या साखरेला बाहेर जायची मुभा देता येते. मग इंटरनेट चालू राहिलं तरी कुणी उधळणार नाही. पण ते मला करता येत नाही. म्हणजे येतं, पण मी करणार नाही. तुम्ही करा."

त्यांनी केलं. एकेक नाव वाचून, प्रत्येकाचा गुन्हा विचारून. माशाला दोन शिव्या जास्त मिळाल्या. साखरेच्या नावापुढचं बटण दाबताना त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं.

जेवताना मात्र ते मासा निवडता निवडता थांबले. "मला कळलं सगळं. पण माझ्या हाताला कोण समजावणार? तो माझं ऐकत नाही. बंद करून मोकळा होतो आणि मग मला सांगतो."

"मी त्याच्यासाठी एक छोटं ॲप लिहिते. ते कशाला हात लावणार नाही. इंटरनेट बंद दिसलं तर तेवढी आठवण करून देईल."

"टिंग टिंग करून? टिंग टिंगकडे मी बघतसुद्धा नाही. दिवसभर कुणी ना कुणी टिंग टिंग करतं. माणसासारखी हाक मारायला सांग त्याला."

"कशी हाक?"

त्यांनी तिच्याकडे नुसतं बघितलं.

म्हणून उन्हं कलताना इन्शिराह जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहिली, फोन तोंडाशी धरून, आणि तिनं बापासारखी हाक घातली, "या सातिर." पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्यांदा आवाज चिरकला. तिसऱ्यांदा मात्र अशी खणखणीत गेली की दोन मजल्यांवरच्या बायकांनी ओढण्या ओढल्या, आणि उम्म करमनी कठड्यावरून डोकं बाहेर काढलं.

"ही कोण बाई गडी होऊन ओरडतेय जिन्यात?"

"मी आहे, मावशी."

"काय गं हे? कैरोत असंच करता का आता? आमच्या भाज्या करपल्या ना इकडे पदर सावरण्यात."

रविवारी परत जाण्याआधी तिनं ॲप फोनवर घातलं. ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा फोननं अम्मांना विचारलं, या ॲपनं तुम्हाला सूचना दिलेल्या चालतील का?

अम्मांनी ते दोनदा वाचलं. "नाही म्हटलं तर?"

"तर त्याला हाकसुद्धा मारता येणार नाही."

"म्हणजे हाक मारू का, हेही आधी विचारायचं?"

"हो."

"माझे फोटो? माझ्या ओळखीपाळखीची माणसं? मी कुठं हिंडतो ते?"

"ते मी मागितलंच नाही. मागितलं असतं तर त्याचंही त्यानं तुम्हाला विचारलं असतं."

अम्मांनी फोन तळहातावर ठेवून जरा वजन केल्यासारखा वरखाली केला. "हा ज्यानं कुणी बनवला ना," ते म्हणाले, "त्याला घरात चांगलं वळण लावलेलं दिसतं. त्याच्या आईबापाचं भलं होवो." आणि त्यांनी हो दाबलं.

नादिरला तिनं हे सांगितलं तेव्हा तो दिवसभर खूश होता. जो भेटेल त्याला, अलेक्झांड्रियात एक मीटरवाले आहेत, म्हणून सांगत फिरला.

पुढचे कित्येक आठवडे रेघ चालू राहिली. कधीतरी थांबायची, आणि इन्शिराहचा श्वास अडकायच्या आत पुन्हा सुरू व्हायची. तिला कळायचं, हातानं खोडी काढली, हाक गेली, अम्मांनी दार उघडलं.

मग खमसीनचे दिवस आले. वाळवंटाकडून गरम धुळीचा वारा सुटला, आकाश पिवळं पडलं. अम्मांनी जेवणाआधीचं इन्सुलिन टोचून घेतलं आणि लक्षात आलं, घरात पाव नाही. दोन मिनिटांचं काम म्हणून फोन घरातच ठेवून खाली उतरले. भट्टीपुढे हीऽ रांग. इतका वेळ उभं राहिल्यावर आता कशाला सोडायची, म्हणून उभेच राहिले. पाव घेऊन जिना चढले तेव्हा पाय कापसाचे झाले होते. पुढचं त्यांना धड आठवत नाही. घरात शिरले, खुर्ची गाठली. डोकं चालेना, पण हात चालत होता. पंखा बंद केला. रेडिओ बंद केला. फोन घेतला, इंटरनेट बंद केलं. वापर नाही, तर बंद. मग डोळे मिटायला लागले.

कैरोत इन्शिराह साहेबांसमोर बसली होती. रेघ थांबलेली तिनं बघितली नव्हती.

अलेक्झांड्रियात, चौथ्या मजल्यावर, मिटलेल्या खिडक्यांच्या अंधारात हाक आली. "या सातिर."

फोन त्यांच्या हातात होता. दाराकडे बघावं तसे ते बघत राहिले. पुन्हा आली, "या सातिर." साखर इतकी उतरली की माणसाला स्वतःचं नाव सांगता येत नाही म्हणतात, वेळ कळत नाही, जागा कळत नाही. पण जिन्यात कुणी उभं आहे आणि आपण त्याला ताटकळत ठेवलंय, एवढं त्यांना कळलं. जन्मभर ते स्वतः त्या जागी उभे राहिले होते. जीभ जड झालेली, तरी त्यांनी म्हटलं, "ये, आत ये." फोननं त्यांच्यासमोर पान उघडून धरलेलं होतंच. त्यांनी बोट टेकवलं.

कैरोत घंटा वाजली. इन्शिराहनं आकडा बघितला, खुर्ची मागे पडली ती उचललीही नाही. "मावशी, साखर. आत्ता. पळा."

आणि उम्म करम, ज्या गुडघ्यांना जन्मभर नावं ठेवत आल्या ते गुडघे घेऊन, खरोखर पळाल्या. खालच्या रसवाल्याला ओरडल्या, त्यानं उसाच्या रसाचा पेला हातात दिला, निम्मा जिन्यात सांडला, निम्मा अम्मांच्या ओठांशी पोचला. तेवढा पुरला. दुसरा पेला आला तोवर अम्मांना माणसं ओळखू यायला लागली होती, आणि पहिलं वाक्य त्यांनी कुरकुरत म्हटलं, "ही बया हाक न मारता आत शिरली."

"शिरले," उम्म करम म्हणाल्या, आणि तिथंच भिंतीला टेकून रडायला बसल्या.

त्याच दुपारी इन्शिराह गाडीत बसली. वाटेत नादिरचा फोन आला. तिनं सांगितलं, आता बरे आहेत. मग जे घंटा वाजल्यापासून मनात होतं ते बोलली. कुलूप फोडलं असतं तर मी इथून चालू केलं असतं का रे? नादिर खोटं बोलणारा नव्हता. म्हणाला, एसएमएस पाठवला असतास तर झालं असतं चालू. पण तू त्या वेळी फोनकडे बघत होतीस का? ती बघत नव्हती. हाक मात्र त्यांच्या हातातच होती, तो म्हणाला.

संध्याकाळच्या उजेडात ती गल्लीत शिरली. वारा पडला होता, पायऱ्यांवर धूळ आणि वाळलेल्या रसाचे चिकट डाग होते. जिन्यातला बल्ब कुणीतरी लावलेला. चौथ्या मजल्यावर दार उघडंच होतं. आत खुर्चीवर बापाचे पाय दिसत होते, हलत होते. तिला धावत जाऊन त्या पायांना मिठी मारावीशी वाटली. ती उंबऱ्याशी थांबली आणि म्हणाली, "या सातिर."

आतून अम्मांचा आवाज आला. "ही फोनमधली का खरी?"

"खरी, बाबा."

"मग ये, आत ये," ते म्हणाले. "आणि येताना जिन्यातला दिवा बंद करून ये."